डाव्या बाजूचे अस्तर

"काका, तुमच्या बुडाला सोनं लागलंय."

अम्फायने हे इतक्या सहजपणे म्हटले, की थविन मिस्त्रींना ऐकू येऊनही कळले नाही. समोरच्या टपरीवरून ती रोज अकराच्या सुमारास बर्फ घातलेल्या कॉफीची पिशवी आणून खिळ्याला अडकवत असे, आणि जाताना काहीतरी बोलून जात असे. त्यातले निम्मे ऐकायचे नसते, हे मिस्त्रींनी फार पूर्वीच ठरवून टाकले होते.

"काय लागलंय?"

"सोनं, सोनं! मागं बघा की. या वयात कुठं बसून आलात?"

मिस्त्रींनी मान वळवली, ती पुरेशी वळेना, म्हणून हाताने विजार पुढे ओढली. घामाने भिजलेल्या खाकी कापडावर तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी चमकत होते. त्यांनी ते नखाने अलगद उचलले. डासाच्या पंखाहून पातळ असा तो तुकडा बोटाला चिकटला आणि श्वासानेही थरथरू लागला. तो वर्ख होता. विहारातल्या मूर्तीला माणसे लावतात तो सोन्याचा वर्ख.

"झगमगीचा कागद असेल," ते म्हणाले.

"असेल बाई. पण विकलात तर निम्मं माझं," असे म्हणून अम्फाय हसत रस्ता ओलांडून गेली.

 मिस्त्रींनी सावकाश खाली पाहिले. फरशीवर एक राखाडी कापड चौपदरी घडी घालून पसरलेले होते. गेले तीन दिवस ते त्याच्यावर बसत होते. त्याच्यावर गुडघे टेकत होते. काल दुपारी पाठ धरली तेव्हा चपला काढून त्यांनी दोन्ही पायही त्याच्यावरच ताणले होते.

ते कापड लमदुआनबाईंच्या गाडीच्या छताचे जुने अस्तर होते.

उत्तरादित गावात उन्हाळा असा पडतो, की उभ्या गाडीच्या टपावर हात ठेवता येत नाही. त्या उष्णतेने छताच्या अस्तरामागचा फोम काही वर्षांत कुजतो, हाताला लागताच त्याची नारिंगी भुकटी होते, आणि कापड पुठ्ठ्याला सोडून खाली लोंबू लागते. लमदुआनबाईंची गाडी सत्तावीस वर्षांची होती. तिचे छत पुढच्या डाव्या बाजूला पोट सुटल्यासारखे खाली आले होते. अशी छते मिस्त्रींनी चाळीस वर्षांत किती केली याची मोजदाद नव्हती. पण प्रत्येक कामाचा क्रम मात्र एकच होता. आधी आतला दिवा काढायचा, मग ऊन अडवायच्या झापडा, मग हाताने धरायच्या कड्या, मग खांबांवरच्या पट्ट्या. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत टाकायचे आणि डबीवर जागेचे नाव लिहायचे. पुठ्ठा मागच्या दाराने आडवा बाहेर काढायचा. कापड सोलायचे, भुकटी ब्रशने झाडायची, पुठ्ठा पुसून एक दिवस वाळू द्यायचा. चिकटवायच्या सोल्युशनचे दोन हात द्यायचे, दुसरा हात बोटाला चिकटेनासा झाला की नवे कापड मधून सुरू करून कडांकडे दाबत न्यायचे. तंत्र महाविद्यालयात ज्या गुरुजींनी त्यांना हे शिकवले ते म्हणत, की घाई झाली की कापडाला सुरकुती पडते आणि ती मिस्त्रीच्या नावावर जमा होते.

या क्रमाच्याही आधी एक छापील कागद भरायचा असे. गाडीचा क्रमांक, कापडाचा रंग, छत किती सेंटिमीटर लोंबते, आणि चौथ्या ओळीत: चालकाच्या डोक्यावर भन्तेंची खूण आहे किंवा नाही. नवी गाडी विहारात न्यायची, भन्तेंनी ओल्या पांढऱ्या मातीने छताला नऊ ठिपके काढायचे, त्यावर वर्ख दाबायचा, हे गावात प्रत्येक जण करतो. खूण असली की मिस्त्री तेवढा तुकडा आधी कापून घेत, स्वच्छ रुमालात गुंडाळून डोक्याहून उंच फळीवर ठेवत, आणि काम झाल्यावर नव्या अस्तरावर शिवून देत. खूण हरवली किंवा कुणाच्या पायाखाली गेली, असे त्यांच्या दुकानात एकदाही घडले नव्हते. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत. मनातल्या मनात मात्र तिचा अभिमान बाळगून होते.

या गाडीत त्यांनी चालकाच्या डोक्यावर पाहिले होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले होते. काही नव्हते. त्यांनी 'नाही' लिहिले आणि लमदुआनबाईंनी खाली सही केली. डावीकडे, म्हणजे शेजारच्या बैठकीच्या वर, एक काळपट तेलकट डाग होता. जुन्या गाड्यांत डोक्याचे तेल लागून असे डाग पडतातच.

मिस्त्री खाली बसले, या वेळी उघड्या फरशीवर. त्यांनी कापडाची घडी उलगडली. डाग वरच्याच पदरावर होता. त्यांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि वाकले. काळ्या तेलकटपणाच्या कडेने पांढऱ्या मातीचा एक ठिपका दिसला. मग दुसरा. मधोमध, जिथे सर्वांत काळे होते तिथे, नखाएवढा वर्ख अजून चिकटून होता. त्याच्या फाटलेल्या कडा ताज्या होत्या.

 त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

पहिला विचार कागदाचा आला, हे त्यांना पुढे कित्येक दिवस खटकत राहिले. 'नाही' लिहिलेले होते, खाली सही होती. त्या कागदापुढे कुणी काही बोलू शकले नसते. दुसरा विचार असा, की गाडी आत्ताच विहारात न्यावी आणि तिथल्या भन्तेंकडून नवी खूण काढून आणावी. दहा मिनिटांचे काम. कापड चुलीत घालावे. अम्फायला झगमगीचा कागद म्हणून सांगितलेच होते.

त्यांनी फोन लावला.

"ताई, मी थविन. गाडी तयार आहे. एक विचारायचं राहिलं होतं... डाव्या अंगाला, वर, काही खूण होती का?"

"होती का म्हणजे? आहे की! थोरल्या भन्तेंच्या हातची." लमदुआनबाईंच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, त्या दारातच भात-रस्सा विकत असत. "यांना झटका आला ना, त्याच महिन्यात. मी म्हटलं, भन्ते, गाडी आता मी चालवणार, पण सांभाळायचंय ते यांना. तर हसले आणि म्हणाले, मग जिथं सांभाळायचंय तिथंच काढू. यांच्या डोक्यावर काढली. पुढच्या पंधरवड्यात भन्ते गेले. त्यांनी काढलेली शेवटची खूण आहे ती, मिस्त्री."

"काळी पडली होती."

"पडणारच! हे गाडीत बसले की आधी हात वर करून तिला बोट लावतात. त्याशिवाय मला चावी फिरवू देत नाहीत. चार वर्षं झाली. वाचा गेली, उजवा हात गेला, पण हा हट्ट काही जात नाही. एकदा मी यांना भाच्याच्या गाडीतून न्यायला गेले, तर हे घराच्या दाराची कडी धरून बसले, सुटता सुटेना. बोटं सोडवायला दोन माणसं लागली." मग आवाज एकदम बदलला. "का हो? जपून ठेवलीत ना?"

"इथंच आहे," मिस्त्री म्हणाले.

"हां, मग ठीक. तुमच्याकडं दिली म्हणून मी निर्धास्त आहे. उद्या सकाळी फित्सनुलोकला मोठ्या डॉक्टरांकडं जायचंय, चार महिन्यांनी नंबर लागलाय. चार वाजता येते यांना घेऊन."

फोन ठेवल्यावर मिस्त्री म्हणाले, "इथंच आहे," आणि पुन्हा एकदा म्हणाले, "इथंच आहे." वाक्यात खोटे काहीच नव्हते. एवढे निखळ खरे बोलून इतके मोठे खोटे बोलता येते, याचाच त्यांना धक्का बसला.

मग त्यांनी काम केले, कारण हातांना दुसरे काही येत नव्हते. डागाभोवती वीतभर चौकोन आखून कापला. मऊ ब्रशने, श्वास रोखून, त्यावरची फरशीची धूळ झटकली. विजारीवरून निघालेला कण पाण्याच्या थेंबाने मूळ जागी बसवला. जुन्या अस्तरावरून खुणेचे अंतर दाराच्या कडेपासून आणि काचेपासून मोजून ठेवले, आणि गाडीत बसवलेल्या नव्या, ढोलाच्या कातड्यासारख्या ताणलेल्या छतावर बरोबर त्याच जागी तो चौकोन वाकड्या सुईने शिवला. मान वर करून शिवताना घाम डोळ्यांत उतरत होता. एक टाका तिरका गेला तो उसवून त्यांनी पुन्हा घातला. शेवटी बाजारातून चमेलीच्या माळा, दोन पिवळ्या मेणबत्त्या आणि उदबत्त्या आणून तबकात मांडल्या. अपराध झाल्यावर क्षमा मागायला जे तबक न्यायचे असते, ते थविन मिस्त्रींनी आयुष्यात दुसऱ्यासाठी बरेचदा पाहिले होते. स्वतःसाठी कधी मांडले नव्हते.

चार वाजता लमदुआनबाई चाकांची खुर्ची ढकलत आल्या. खुर्चीत त्यांचे यजमान होते, चरून त्यांचे नाव. पूर्वी साखर कारखान्यात काट्यावर होते, भरदार माणूस. आता सदरा खांद्यांवरून ओघळत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडला होता. डोळे मात्र चौकस होते आणि ते सरळ गाडीकडे गेले.

"अगं बाई! नवीच दिसते की!" लमदुआनबाईंनी दारातून आत डोकावले. "बघा, बघा, तुमची खूणही आहे जागच्या जागी. मिस्त्री, हात आहे का जादू..." तेवढ्यात त्यांना तबक दिसले. "हे कशाला?"

मिस्त्री चरूनसमोर सिमेंटवर गुडघे टेकून बसले. काय बोलायचे ते त्यांनी क्रमाने ठरवले होते. क्रम राहिला नाही.

"मी हिच्यावर बसलो होतो. तीन दिवस. डाग समजलो. बसायला घेतलं खाली. पायसुद्धा... पाय ठेवले मी तिच्यावर."

लमदुआनबाईंनी खुर्चीची मूठ सोडली. 

"पाय?" त्या म्हणाल्या.

"पाय."

"थोरल्या भन्तेंच्या खुणेवर तुम्ही पाय ठेवलेत. आणि फोनवर मला म्हणालात, इथंच आहे."

"हो."

"कुठं, ते नाही म्हणालात! माझ्या बुडाखाली आहे, ताई, असं नाही म्हणालात!" त्यांचा आवाज चढला तशी समोर अम्फाय टपरीतून बाहेर येऊन उभी राहिली. "साऱ्या गावात टेंभा मिरवता, एक एक स्क्रू डबीत घालता, डबीवर नावं लिहिता! स्क्रूला डबी आणि भन्तेंना फरशी?"

"मी फक्त चालकाच्या बाजूला बघितलं. कागदावर तेवढंच विचारलंय."

"मग कागद बदला!"

"बदलतो."

"सही घेतलीत माझी. चष्मा घरी होता, मी केली. आता दाखवा ना तो कागद, दाखवा!"

"नाही दाखवणार," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी आहे."

 लमदुआनबाईंनी कमरेचा पंचा काढून तोंड पुसले. चरून एकटक मिस्त्रींकडे पाहत होते. मग त्यांनी डावा हात तबकाकडे नेला, चमेलीची एक माळ बोटांत अडकवली आणि आपल्या मांडीवर ठेवली. तबक स्वीकारले गेले होते. मिस्त्रींनी कपाळ जवळजवळ फरशीला टेकवले.

"घेतली का? बरं," लमदुआनबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी नसती घेतली. तुम्ही फार भोळे आहात. चला, बसा आता, उशीर होतोय."

दोघांनी मिळून चरूनना उचलून पुढच्या डाव्या बैठकीवर बसवले. त्यांनी पाठ टेकली, खुणेकडे पाहिले आणि डावा हात वर उचलला. कोपर उठले. मनगट कानाच्या वर गेले. बोटे ताठ झाली, आणि थांबली.

बोटांत आणि खुणेत अंतर उरले होते.

त्यांनी हात खाली घेतला, श्वास घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्या वेळी खांदा थरथरू लागला आणि घशातून असा आवाज निघाला, की अम्फाय रस्ता ओलांडून पळत आली.

"पोचतो ना हो!" लमदुआनबाई ओरडल्या. "रोज पोचतो! मिस्त्री, बैठक खाली केलीत का तुम्ही?"

"बैठकीला हात लावलेला नाही."

"मग छत वर गेलं का?"

मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि उत्तर त्यांनाच आधी ऐकू आले. छत वर गेले होते. अकरा सेंटिमीटर वर गेले होते. कागदाच्या तिसऱ्या ओळीत तसे लिहिलेले होते.

"ताई," ते म्हणाले, "खूण काढली तेव्हा छत असंच होतं? ताणलेलं?"

"होतं की. लोंबायला नंतर लागलं. हळूहळू. गेल्या वर्षी माझ्या केसांना लागायला लागलं तेव्हा मी..." त्या बोलता बोलता थांबल्या.

"तेव्हा यांचा हात पोचत होता."

"पोचत होता! तळवा टेकवायचे. अख्खा तळवा." लमदुआनबाईंनी आपला तळवा वर धरला आणि त्याच्याकडे पाहिले. "मग बोटं लावायला लागले. मला वाटलं, आदरानं लावतात."

 चार वर्षे ते कापड न कळत खाली येत होते, आणि चार वर्षे तो हात तेवढाच कमी वर जात होता. रोज सकाळी दोघांची गाठ पडत होती. पाहणाऱ्याला रोज एकच दिसत होते: हात पोचला.

"मी डॉक्टरांना काय सांगते, माहितीय?" लमदुआनबाईंचा आवाज इतका खाली गेला होता, की अम्फायला पुढे वाकावे लागले. "ते विचारतात, डावा हात कसा आहे. मी म्हणते, एकदम मस्त, छताला लागतो. दर वेळेला हेच म्हणते. ते लिहून घेतात. चांगला हात म्हणून त्याचा व्यायामसुद्धा नाही देत, सगळा उजव्याचा देतात." त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. "हा पण जातोय. माझ्या डोळ्यांदेखत जातोय आणि मी रोज शेजारी बसते."

"मावशी, पाणी आणू?" अम्फायने विचारले.

"नको गं."

चरून बायकोकडे पाहत होते. त्यांना ठाऊक होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. आपला हात किती वर जातो हे हात असणाऱ्याला कळणारच. बोलता येत नसलेल्या माणसाने ते कुणाला आणि कसे सांगावे? कापड खाली येत होते तोवर सांगण्याची वेळच आली नव्हती. कदाचित ते त्यांना बरेही वाटत असेल. लमदुआनबाईंना तेही दिसले, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मिस्त्रींनी खिशातून मोजपट्टी काढली. "दादा, आणखी एकदा. जेवढा जाईल तेवढाच. ओढू नका."

चरूननी हात उचलला. मिस्त्रींनी बोटाच्या टोकापासून खुणेपर्यंत पट्टी धरली, आकडा वाचला, पुन्हा धरला, पुन्हा वाचला.

"नऊ," ते म्हणाले.

"लिहून द्या," लमदुआनबाई म्हणाल्या. "मी उद्या सांगायला गेले तर रडेन, आणि ते लोक रडणाऱ्या बाईचं काही लिहून घेत नाहीत. नीट लिहा, तुम्ही लिहिता तसं. कधी अख्खा तळवा लागायचा, कधी बोटं, आता किती कमी. तारखा मी सांगते."

मिस्त्रींनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि उभ्याउभ्या लिहिले. लमदुआनबाई आठवून आठवून सांगत गेल्या: आजाराच्या तिसऱ्या वर्षी पाणी उडवायच्या सणाला तळवा, त्याच वर्षी भातकापणीला बोटे, गेल्या थंडीत फक्त मधले बोट. सांगता सांगता एका ठिकाणी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मला दिसत होतं. बघा ना, सगळं आठवतंय. दिसत होतं मला." मिस्त्रींनी ते वाक्य लिहिले नाही.

राहिला प्रश्न गाडी हलण्याचा. खुणेला बोट लागल्याशिवाय चरून उद्या फित्सनुलोकला येणार नव्हते, आणि त्यांना बोटे सोडवून नेणे आता कुणाच्याच मनात येऊ शकत नव्हते.

"ताई, खाली घेऊ का?"

"किती?"

"नऊ."

लमदुआनबाईंनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिले. "आठ घ्या," त्या म्हणाल्या. "एक यांच्यासाठी ठेवा."

मिस्त्रींनी दुपारीच घातलेले टाके एकेक करून उसवले. उरलेल्या नव्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या, त्या चौकोनाच्या दोन बाजूंना शिवल्या आणि वरच्या ताणलेल्या छताला टाचल्या. आयुष्यभर लोंबणारी छते सपाट करणाऱ्या त्या माणसाने सपाट छताला पाळण्यासारखे लोंबणारे काहीतरी केले, आणि मोजपट्टी लावून पाहिले, की ते बरोबर आठ सेंटिमीटर लोंबते आहे.

चरूननी हात उचलला. बोटे खुणेच्या खाली, अगदी खाली थांबली. त्यांनी डोळे मिटले. मानेची शीर फुगली, पाठ बैठकीपासून जराशी सुटली, आणि मधले बोट वर्खाला टेकले. टेकले आणि लगेच सुटले.

लमदुआनबाई चालकाच्या जागेवर बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिले. या वेळी पुरते पाहिले. मग घडी घातलेला कागद छातीपाशी खोचून त्यांनी चावी फिरवली.